शारजाचा पिन कोड काय?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



२०२३ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. पनवेलच्या मोहल्ल्यातलं आमचं वडिलोपार्जित घर पाडून तिथे इमारत उभी करायचं ठरलं होतं. अम्मी-अब्बा दोघंही गेलेले. वारस आम्ही तिघं, दोन भाऊ आणि एक बहीण. बहीण लग्न होऊन शारजाला गेली, त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. आमच्या वारसा कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा असतो. असतो म्हणजे कागदावर असतो. प्रत्यक्षात काय होतं ते आमच्याकडेही तेच आणि तुमच्याकडेही तेच. बहीण माहेरी आली की तिला चांगलं जेवू घालायचं, साडी किंवा ड्रेसचं कापड द्यायचं आणि हक्कसोड पत्रावर सही घ्यायची. आम्ही तसं करणार नव्हतो. तिचा हिस्सा तिला द्यायचा होता. त्यासाठी कुलमुखत्यारपत्राचा मसुदा तिच्याकडे जायला हवा होता. तिने दुबईच्या भारतीय वकिलातीत जाऊन सही करायची, शिक्का घ्यायचा आणि कागद परत पाठवायचा.

लिफाफा घेऊन मी एका कुरिअरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने संगणकावर नाव घातलं, पोस्ट बॉक्सचा नंबर घातला, शारजा लिहिलं आणि थांबला.

"काका, पिन कोड सांगा."

"शारजाला पिन कोड नसतो."

"असं कसं? चौकट लाल होतेय. सहा आकडे टाकल्याशिवाय पुढे जात नाही."

मागे रांग होती. मुलगा जरा विचारात पडला आणि म्हणाला, "तुमचाच टाकतो. काय फरक पडतोय!" त्याने ४१०२०६ हे आकडे दाबले. त्याबरोबर खालच्या तीन चौकटी आपोआप भरल्या. शहर पनवेल, जिल्हा रायगड, राज्य महाराष्ट्र. सगळ्यात शेवटी देशाच्या यादीतून त्याने संयुक्त अरब अमिराती निवडलं. लाल चौकट हिरवी झाली, चिठ्ठी छापून आली आणि मी पैसे देऊन घरी आलो.

एकोणिसाव्या दिवशी लिफाफा परत आला. तो कुठपर्यंत जाऊन आला कोण जाणे. मधल्या काळात धाकट्याची सही झाली, माझी झाली, आणि ही बातमी नात्यागोत्यातून शारजाला पोचली. बातमीला पिन कोड लागत नाही. रात्री बहिणीचा फोन आला. ती भांडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "भाई, कागद पाठवायचा विसरलास, की पाठवायचाच नव्हता?"

आता तिला काय सांगणार? संगणकाच्या एका चौकटीने घोळ केला म्हणून? हक्काचे कागद न पाठवणाऱ्या भावांनी आजवर सांगितलेल्या सबबींमध्ये ही आणखी एक भर पडली असती.

त्या दिवसापासून मी या पत्ता प्रकरणाच्या मागे लागलो. मी कविता लिहिणारा माणूस. शब्द वृत्तात बसला नाही तर मी शब्द बदलतो, फार तर वृत्त बदलतो. पण माणसाचा पत्ता चौकटीत बसला नाही, तर पत्ता कसा बदलणार? आणि इथे तर चौकट बदलायला कुणी तयार नव्हतं. माझी मुलगी ऐरोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. तिला मी विचारलं, "तुम्ही लोक असं का करता?" ती म्हणाली, "अब्बा, करणाऱ्याने आपल्या गावाचा पत्ता डोळ्यांसमोर ठेवलेला असतो."

आणि ते खरंच आहे. अमेरिकेतल्या माणसाने फॉर्म केला की त्यात रस्ता, शहर, राज्य आणि झिप कोड या चौकटी येतात, कारण त्याच्याकडे तसंच लिहितात. आपल्याकडच्या माणसाने केला की सहा आकड्यांचा पिन येतो. बहिणीकडे यातलं काहीच नाही. अमिरातीत टपाल वर्षानुवर्षं घरी येत नसे, ते पोस्ट बॉक्समध्ये पडे. आणि बॉक्स बहुतेकांचा स्वतःचा नसून नोकरीच्या कंपनीचा असतो. म्हणून माझ्या बहिणीचा पत्ता असा : तिचं नाव, मेहुण्यांच्या कंपनीचं नाव, पोस्ट बॉक्स नंबर, शारजा. पिन नाही, राज्य नाही. शारजा हेच शहर आणि शारजा हीच अमिरात. शेजारच्या सौदीत मात्र पाच आकडी कोड आहे. हाँगकाँगला कोड नाही. आयर्लंडला २०१५ पर्यंत देशभराचा असा कोड नव्हता, आता सात अक्षरांचा आहे आणि तो प्रत्येक पत्त्याला वेगळा. इंग्लंडच्या कोडमध्ये अक्षरं आणि आकडे मिसळलेले. जर्मनीत घराचा नंबर रस्त्याच्या नावानंतर येतो आणि कोड शहराच्या नावाआधी. यातलं चुकीचं कोणतं? कोणतंच नाही. तिथल्या पोस्टमनला कळतं ना, मग तो पत्ता बरोबर.

आखातातल्या आमच्या लोकांनी या लाल चौकटीवर आपला तोडगा काढलाय. पिनच्या जागी सगळे शून्य दाबायचे. माझी मुलगी म्हणते, ग्राहकांच्या यादीत अशी शून्यं दिसली की आम्ही समजतो, आखातातला माणूस. म्हणजे फॉर्मने माणसाला खोटं बोलायला लावायचं, आणि पुढे ते खोटंच त्याची ओळख व्हायची.

पण दूर कशाला जायचं? आपला मराठी पत्ता तरी या चौकटीत कुठे बसतो? लहानपणी मी अम्मीची पत्रं लिहून द्यायचो. मामा बोटीवर खलाशी, मावश्या खाडीपलीकडच्या गावांत. पत्त्याची सुरुवात ठरलेली. मु. पो. अमुक, ता. अमुक, जि. कुलाबा. ही 'मु. पो.' दोन अक्षरं फार हुशार आहेत. गावात टपाल कचेरी असेल तर मुक्काम आणि पोस्ट एकच, म्हणून 'मु. पो.' जोडून लिहायचं. नसेल तर 'मु.' एक गाव आणि 'पो.' दुसरं. पोस्ट म्हणजे पत्र जिथे येऊन थांबतं ते गाव, मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते. देशात आज पिन कोड एकोणीस हजारांच्या आसपास आहेत आणि टपाल कचेऱ्या दीड लाखाहून जास्त. म्हणजे एका पिनखाली कितीतरी कचेऱ्या आणि त्यांच्याखाली कितीतरी गावं. कचेरीचं नाव लिहिलं नाही, तर पिन बरोबर असूनही पत्र भटकतं. तरी मी इतके फॉर्म पाहिले, त्यातल्या फारच थोड्यांत 'पोस्ट' अशी चौकट होती. 'स्ट्रीट' मात्र सगळ्यांत. खेड्यातल्या माणसाने स्ट्रीटमध्ये काय लिहायचं? तो बिचारा पुन्हा गावाचंच नाव लिहितो.

शहरातही स्ट्रीट कुठे आहे? नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर हे सगळं सिडकोने वसवलं. तिथे पत्ता म्हणजे सेक्टर, प्लॉट आणि इमारत. सेक्टर १० म्हणाल तर तो नवीन पनवेललाही आहे आणि खारघरलाही. वसाहतीचं नाव गळालं की सेक्टरला काही अर्थ उरत नाही. जपानमध्ये साधारण असंच आहे. तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, वस्तीचे तुकडे पाडून त्या तुकड्यांना नंबर दिलेत. टोकियोचा माणूस खांदा कॉलनीत आला तर लंडनच्या माणसापेक्षा लवकर घर शोधून काढील, असं मला वाटतं.

आणि जुन्या पनवेलमध्ये तर खुणेशिवाय चालतच नाही. टपाल नाक्यावरून आत, मशिदीच्या मागे, लाइन आळीच्या तोंडाशी, वडाळे तळ्याच्या बाजूला. 'च्या मागे', 'च्या समोर' हे आपल्या पत्त्याचे खरे शब्द. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा. १९७२ च्या डिसेंबरात तिथे मोठा भूकंप झाला, अर्धंअधिक शहर पडलं. तरी लोक पत्ता सांगतात तो पूर्वी जिथे अमुक झाड होतं तिथून इतकं अंतर, असा. झाड नाही, पण पत्ता आहे. आपणही पाडलेल्या टॉकीजच्या आणि बंद पडलेल्या गिरणीच्या खुणा सांगतोच की.

१९७२ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला आपल्या देशात पिन कोड सुरू झाला. तो तयार करण्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, दळणवळण मंत्रालयातले अतिरिक्त सचिव. आणि ऐकून बरं वाटेल, निदान मला तरी वाटलं, की हे वेलणकर कवी होते. संस्कृतात लिहायचे, नाटकं लिहायचे. त्यांचं एक विलोमकाव्य आहे. ते सरळ वाचलं तर रामाची स्तुती होते आणि उलट वाचलं तर कृष्णाची.

उलटसुलट वाचता येण्याचा हा गुण पत्त्यातही आहे. आपण पत्ता माणसापासून सुरू करून देशापर्यंत नेतो. पत्र निवडणारा कर्मचारी तो खालून वर वाचतो, आधी देश, मग राज्य, मग गाव. घरमालकाच्या नावाशी त्याला काही देणंघेणं नसतं, ते शेवटी पोस्टमन बघतो. जपानी भाषेत तर पत्ता लिहितातच तसा, आधी कोड, मग प्रांत, शहर, वस्ती, घर आणि सगळ्यात शेवटी माणूस. आपला पिनही त्याच दिशेने चालतो. ४१०२०६ मधला पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा टापू. ४१ म्हणजे त्यातला पोटविभाग, ४१० म्हणजे टपाल निवडण्याचा जिल्हा, आणि शेवटचे २०६ म्हणजे आमची पनवेलची कचेरी.

पण हा 'जिल्हा' टपालाचा, कलेक्टरचा नव्हे. कर्जत ४१०२०१, खोपोली ४१०२०३ आणि लोणावळा ४१०४०१. लोणावळा पुणे जिल्ह्यात, तरी त्याची सुरुवात आमच्यासारखीच. उलट आमच्याच रायगड जिल्ह्यातलं अलिबाग ४०२२०१ आणि उरण ४००७०२. टपाल ज्या वाटेने जातं ती वाट या आकड्यांत आहे. हे न समजून घेता काही सॉफ्टवेअरं पिनवरून जिल्हा ठरवतात आणि तो बदलूही देत नाहीत. त्यातही काही याद्यांत आमचा रायगड 'रायगढ' म्हणून बसलाय, आणि रायगढ तर छत्तीसगडमध्येही आहे! माझा जन्म कुलाबा जिल्ह्यातला, १९८१ साली तोच रायगड झाला. उस्मानाबादचं धाराशिव झालं, पालघर २०१४ साली ठाण्यातून वेगळं निघालं. पिन तेच राहिले. पोस्टमनला दोन्ही नावं पाठ असतात. यादीला एकच पाठ असतं.

पिन म्हणजे आकडे असले तरी ती संख्या नव्हे, हेही मी महागात शिकलो. आमच्या एका छोट्या अनियतकालिकाच्या वर्गणीदारांची यादी मीच संगणकात भरली होती. अमेरिकेतले चार-पाच वर्गणीदार न्यू जर्सीत, एडिसनला. तिथला झिप कोड ०८८२० असा शून्याने सुरू होतो. मी तो भरला, संगणकाने त्याला संख्या समजून पुढचा शून्य गाळला आणि ८८२० ठेवलं. संख्येच्या डाव्या बाजूच्या शून्याला किंमत नसते, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. अंक पाठवले, पोचले नाहीत, आणि वर्गणीदारांनी मला मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते मी समजू शकतो. मुलगी म्हणाली, "अब्बा, ज्याची कधी बेरीज करायची नाही, ते संख्या म्हणून ठेवायचं नाही. अक्षरं म्हणून ठेवायचं." आपल्याकडे एकही पिन शून्याने सुरू होत नाही. म्हणून आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही ही चूक. न्यू जर्सीत, बोस्टनला आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनला राहणाऱ्यांना ती रोज भोवते.

मग करायचं काय? माझं म्हणणं होतं, चौकटी टाकून द्या. पाच कोऱ्या ओळी द्या, ज्याला जसा हवा तसा पत्ता लिहू दे. मुलगी हसली. "मग जीएसटी कसा लावायचा? माल कुठल्या राज्यात चाललाय ते यंत्राला कळायला नको? टपाल निवडणाऱ्या यंत्राने कोड कुठे शोधायचा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सबंध रात्र आमचा वाद चालला. शेवटी मला पटलं ते असं. पहिल्यांदा देश विचारायचा. आज बहुतेक फॉर्म देश सगळ्यात शेवटी विचारतात, तिथेच चूक होते. देश कळला की त्या देशाच्या चौकटी दाखवायच्या. शारजा म्हटलं की पिन दिसूच नये, पोस्ट बॉक्स दिसावा. भारत म्हटलं की पोस्ट आणि खूण यांना जागा असावी. पत्ता साठवायचा तुकड्यांत आणि छापायचा ज्या देशात जायचाय तिथल्या रीतीने. आणि याशिवाय, ही माझी भर, माणसाने स्वतः लिहिलेल्या ओळीही जशाच्या तशा जपून ठेवायच्या. तुकडे चुकले तर त्या उपयोगी पडतील.

गंमत म्हणजे यातलं बरंचसं आधीच ठरलेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे जागतिक टपाल संघटना आहे. ती १८७४ सालची, आणि आपला देश तिच्यात १८७६ पासून. तिने 'एस-४२' नावाचं मानक केलंय. त्यात पत्त्याचे घटक कोणते आणि कोणत्या देशात ते कोणत्या क्रमाने छापायचे, याचे साचे आहेत. आणि तिचा परदेशी पत्राचा जुना नियम मला फार आवडतो. वरच्या ओळी ज्याच्या देशात पत्र जायचं त्याच्या पद्धतीने लिहायच्या. शेवटची ओळ देशाच्या नावाची, ती पाठवणाऱ्या देशातल्या लोकांना वाचता आली पाहिजे. म्हणजे शेवटची ओळ आमच्या पोस्टासाठी, बाकीच्या त्यांच्या. शारजा कसं लिहायचं ते पनवेलने ठरवायचं नाही.

आपल्या टपाल खात्याने २०२५ च्या मे महिन्यात 'डिजिपिन' आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीने साऱ्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचा कोड दिला. पिनच्या जागी नव्हे, पिनच्या जोडीला. रुग्णवाहिकेला डोंगरातल्या पाड्यावर पोचायचं असेल तर ही चीज सोन्यासारखी आहे. पण हे चौकोन जमिनीवर पाडलेत. आमच्या नव्या इमारतीत एकावर एक सात फ्लॅट असतील, तर सातही घरांचा डिजिपिन एकच. आणि चौकोनाला माणूस ठाऊक नसतो. आमच्या विमानतळासाठी कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली ही गावं उठली. २०२५ च्या डिसेंबरात तिथून विमानं उडू लागली. त्या जागेचे चौकोन अजून आहेत, त्यांना कोडही आहेत. गाव मात्र वडघर-करंजाड्याला जाऊन राहिलंय. तिथला एक ओळखीचा माणूस अजून पत्ता सांगताना आधी 'मु. कोल्ही' म्हणतो, मग थांबतो, मग सेक्टर सांगतो.

बहिणीच्या कागदाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या खेपेला मी लिफाफा टपाल कचेरीत नेला. घरून निघण्यापूर्वी बहिणीला फोन केला आणि म्हटलं, "तुझा पत्ता तुझ्या हाताने कागदावर लिही आणि त्याचा फोटो पाठव." तिने पाठवला. चार ओळी, खाली मोबाइल नंबर. काउंटरवरच्या बाईंना मी तो फोटो दाखवला आणि म्हटलं, एवढंच लिहायचं, एक अक्षर जास्त नको. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "पोस्ट बॉक्स आहे ना, मग पिन कशाला?" त्यांचा धाकटा दीर अबुधाबीला होता.

सही होऊन कागद परत आला, पण त्याआधी तो परत आलेला पहिला लिफाफा मी तिला फोटो काढून पाठवला होता. चिठ्ठीवर वर तिचं नाव, मधे शारजा, खाली पनवेल, महाराष्ट्र, ४१०२०६, आणि अगदी तळाला संयुक्त अरब अमिराती. तिने तो मोठा करून बघितला असणार. बऱ्याच वेळाने तिचा निरोप आला, "भाई, पत्ता तर माहेरचाच घातलायस."